दोन इंजिनांचा मांडव

जयदेवला मांडवात अंधार नको होता. थोरली लेक गोजरा लग्नाला उभी राहिली तेव्हा ऐन मंगलाष्टकांत लाईट गेली आणि सासरी ती कायमची ‘अंधारातली सून’ झाली. कालवणात मीठ जास्त पडलं तरी सासू म्हणायची, अंधारात आलेली ती, तिला कुठनं दिसनार. धाकट्या मैनेच्या नशिबी हे येऊ नये म्हणून लग्न ठरल्यापासून जयदेवच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यात मुहूर्त गोरज, आणि घणसोलीची लाईन दिवेलागणीलाच दगा द्यायची.

मैनेच्या मामाची, देवजीची, घराला लागूनच भातगिरणी होती. तिचं डिझेल इंजिन असं दांडगं, की सुरू झालं की खाडीतले निवटे मासे चिखलातून डोकी वर काढून बघत. त्याला डायनामो जोडून देवजीनं सांगितलं, भाचीच्या मांडवात उजेड मामाचा. हे कानावर गेलं तेव्हा जयदेवचा थोरला भाऊ बाळाराम महाप्याला गेला आणि भाड्याचा जनरेटर बैलगाडीत घालून घेऊन आला. चुलता जिवंत असताना पोरगी मामाच्या उजेडात उभी राहिली तर लोक काय म्हणतील, एवढंच तो बोलला.

एक इंजिन राखीव ठेवू, असं जयदेवनं सुचवून पाहिलं. राखीव कोणाचं, यावरून दोघंही पानावरून उठले. शेवटी गावकीनं तोड काढली. आहेराला जसा मान, तसाच उजेडाला. पहिली चार मंगलाष्टकं मामाच्या उजेडात, उरलेली चुलत्याच्या. जयदेवनं मान डोलावली आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मामाचं काढून चुलत्याचं जोडेपर्यंत मांडव डोळा मिटणार. मिटला की अंधारच.

गावातला गंगाराम महाप्याच्या कारखान्यात वायरमन होता. त्याला हे अगदीच सोपं वाटलं.

"आदी दुसरं जोडायचं, मग पयलं काढायचं. फकस्त दोनी इंजिनांची पावलं जुळली पायजेत. नायतर एक दुसऱ्याला वढील आनि दोनी बंद पडतील."

त्यानं दोन्हीकडच्या वायरींच्या मधे दोन बल्ब लोंबते सोडले. ते पेटतील, विझतील. पावलं जुळली की विझून राहतील. तेव्हा खटका ओढायचा.

"तू ह्ये कवा केलंयस?" जयदेवनं विचारलं.

"सायबाला करताना बगितलंय," गंगाराम म्हणाला. "लांबून."

लग्नाच्या दिवशी सरकारी लाईन दुपारीच गेली. संध्याकाळी मामाच्या इंजिनावर मांडव असा उजळला, की गावातल्या कोंबड्या खुराड्यात जायला तयार होईनात. नेरूळचं वऱ्हाड आलं. नवऱ्या मुलाचा काका सिताराम त्या घरचा कर्ता. तो मांडवात उभा राहून बल्बांकडे टक लावून बघत राहिला. तोंडावर हसू नाही. ह्याला उजेडात काय खुपलं, ते जयदेवला कळेना.

चौथं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. मांडवामागे गंगारामचे बल्ब भराभर उघडझाप करत होते. मामाचं इंजिन पुढं पळत होतं, चुलत्याचं मागं रेंगाळत होतं. जयदेव बाळारामकडे धावला, जरा वेग वाढव म्हणाला.

"मी का वाढवू? त्यालाच सांग कमी करायला. मी थोरला हाय."

जयदेव वऱ्हाडाकडे बघून हसत हसत मांडव ओलांडून गिरणीकडे गेला.

"भाचीच्या लग्नात मामानं कमी करायचं? काय बोलता, दाजी."

भटजींना लांबवायला सांगितलं होतं. त्यांनी सगळे देव घेतले, सगळ्या नद्या घेतल्या, मग घणसोलीच्या नाल्याकडूनही मंगल मागितलं. अंतरपाटाआड नवऱ्या मुलाचे हार धरलेले हात कंबरेपर्यंत उतरले. सिताराम अजून वरच बघत होता.

तिसऱ्या खेपेला जयदेवनं विनवणी सोडली. बाळारामच्या कानात तो म्हणाला, "मामा सांगत होता, तुझा जनरेटर म्हातारा झालाय, ह्याच्यावर जानार नाय." तसाच पळत जाऊन देवजीला सांगितलं, "दादा म्हनतो, तुमचं इंजिन एकदा सुटलं की तुमाला आवरत नाय."

बाळारामनं वाढवलं. देवजीनं आवरून दाखवलं. लोंबते बल्ब हळू झाले, आणखी हळू झाले, आणि विझले. गंगारामनं डोळे मिटून खटका ओढला.

मांडवात काहीच झालं नाही. साधी पापणी लवली नाही. गंगाराम आता मामाची वायर काढायला वळला, तर गिरणीकडून धावत आलेला देवजी आडवा उभा. "माजं कोन काढतो बगू." मग दोन्ही राहिली. भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं, हार पडले. तेवढ्यात सरकारी लाईनही परत आली, पण तिच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

जेवणं सुरू झाली तेव्हा सितारामनं जयदेवला बाजूला घेतलं.

"व्याही, येक इचारू का? रागावू नका," सिताराम हळूच म्हणाला. "पोरगी येवढ्या उजेडात वाढलेली. आमच्या आळीत नुस्ते खांब आलेत, तार नाय. घरात दोन कंदील. ती आमाला नावं तर नाय ना ठेवनार?"

किती महिन्यांनी जयदेवनं पोटभर श्वास घेतला. मैना कंदिलातही सुखानं नांदेल, असं तो सांगणार, तोच मागून देवजी म्हणाला की गिरणीचं इंजिन भाचीला आंदण दिलं, उद्या पोचतं करतो. लगेच बाळाराम म्हणाला, भाड्याचा जनरेटर आपण विकतच घेतो आणि सकाळी नेरूळला आणतो.

दोघंही वडीलधारे, मानाचे. नाही कोणाला म्हणणार? सितारामनं डोळे पुसून दोघांना हात जोडले. "दोनी लावू," तो म्हणाला.

जयदेव पंगतीत गेला. गंगाराम जेवत होता. त्याच्या पानात जयदेवनं आणखी चार जिलब्या वाढल्या आणि विचारलं,

"गंगारामभाऊ, उद्या सकाळी मोकळा हायस ना?"