सामंत भाऊजींची आफ्रिका

सामंत भाऊजींच्या घरी चहा माणसांना कमी आणि कपड्यांना जास्त लागायचा. रविवारी सकाळी मोठ्या पातेल्यात चहापत्ती उकळायची आणि त्यात शर्ट, पँट, बनियन, रुमाल, सगळं बुडवून ठेवायचं. मग आमच्या मजल्यावरच्या सामायिक गॅलरीत दोरीभर मातकट कपडे वाळत पडायचे. नवीन आलेला पाहुणा विचारायचा, "तुमच्याकडे पाणी गढूळ येतं का हो?" आम्ही सांगायचो, "नाही, सामंत आफ्रिकेला चाललेत."

चाललेत म्हणजे, आम्ही अंधेरीच्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो तेव्हापासून चाललेच होते.

त्यांच्या बायकोचा, शालूताईंचा, धाकटा भाऊ नैरोबीला एका कंपनीत हिशेबनीस होता. दर वर्षी तो कळवायचा, या दोघं, जंगल दाखवतो, राहायचं माझ्याकडे, खर्चाचं काही बघू नका. दुसरं कोणी असतं तर बॅगा भरून निघालं असतं. पण भाऊजी एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअरकीपर. सगळा माल हजर असल्याशिवाय काउंटरवरून एक बोल्टही द्यायचा नाही, हा त्यांचा तिथला नियम. तोच त्यांनी आफ्रिकेला लावला. मला म्हणायचे, "वहिनी, जंगल म्हणजे काय जुहू चौपाटी नाही. अजून थोडी तयारी बाकी आहे."

ही थोडी तयारी कधीच संपली नाही. भडक रंगाला जनावर बिचकतं, म्हणून कपडे चहात. वासाने जनावर सावध होतं, म्हणून घरातून पावडर, अत्तर, खोबरेल तेल हद्दपार. उदबत्तीसुद्धा बंद. "देवाला सांगून ठेवलंय," म्हणाले. एकदा शालूताई बांगडे तळत होत्या, तर हे नाक दाबून बाहेर आले. "अगं, या वासाने मैलावरचा सिंह येईल!" आतून शालूताई म्हणाल्या, "येऊ दे. सिंहाक पण दिवया एक तुकडी, बिचारो लांबसून इलो!"

शालूताईंबद्दल आधी सांगायला हवं होतं. त्या बोलायच्या. म्हणजे सगळेच बोलतात, पण त्या कावळ्याशी बोलायच्या, कुकरशी बोलायच्या, नळाला पाणी आलं की नळाची चौकशी करायच्या. त्यांचा आवाज सुरू झाला की मजल्याला जाग यायची. अशा बाईला नेमका नवरा मिळाला तो 'जनावर ऐकतं' म्हणणारा. शू करून तोंडावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "जनावर ऐकतं." हे त्यांचं पालुपद. जिन्यात मुलं ओरडली, जनावर ऐकतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडणं लागली, तरी हे कोपऱ्यातून, "जनावर ऐकतं." त्या दिवशी चेअरमनना हे शब्द फार लागले होते.

रविवारी कपडे वाळत घालून झाले की गॅलरीत जीप लागायची. पुढे दोन खुर्च्या, मागे दोन. ड्रायव्हर म्हणून माझे मिस्टर, ज्यांना साधी सायकल येत नाही. त्यांच्या शेजारी मी. मागे शालूताई, आणि त्यांच्या बाजूला चोरबाजारातली दुर्बीण घेऊन उभे भाऊजी. दुर्बिणीची एक काच तडकलेली होती, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकू त्यांना दोन दिसायच्या. जीपमध्ये बोलायचं नाही. सगळं खुणांनी. मूठ म्हणजे हत्ती. पंजा पसरला की सिंह. आणि हात कोपरापासून सरळ वर, पंजा मनगटातून पुढे वाकवलेला, की जिराफ.

ही शेवटची खूण शालूताईंची फार आवडती. त्यांच्या स्वयंपाकघरात भावाने पाठवलेलं जिराफाचं कॅलेंडर होतं. वर्षं उलटली तरी त्यांनी ते उतरवलं नव्हतं. मला एकदा म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे? एवढो मोठो प्राणी आणि तोंडातून आवाज नाय गो! कोणीतरी बोलूक होया त्याच्याशी. मी जाऊन बोलतलंय."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्यांना सिंह नको होता, हत्ती नको होता. भावाच्या घरी दोन घास खायचे आणि जिराफाशी बोलायचं, एवढीच त्यांची आफ्रिका होती.

आणि त्यासाठी त्या बिचाऱ्या गप्प राहायला शिकल्या. आधी जीपमध्ये. मग भाऊजी म्हणाले, सवय अंगात मुरली पाहिजे, म्हणून जेवताना. मग संध्याकाळीही. दूधवाला आला तर हातवारे, मी हाक मारली तर हातवारे. चहा हवा का, मीठ हवं का, काहीही विचारा, हवं असलं की त्यांचा हात वर आणि पंजा वाकलेला. हवीहवीशी वाटणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी जिराफ झाली. आम्ही पोट धरून हसायचो. मजल्यावरचा आवाज कमी झालाय, हे हसण्याच्या नादात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

भाऊजींचा सराव मात्र जोरात होता. सुट्टी मिळाली की बसने आरे कॉलनीत जायचे, झुडपाआड बसून दुर्बिणीतून तबेल्यातल्या म्हशी बघायचे. म्हशी आपल्या रवंथ करत उभ्या, आणि हे श्वास रोखून. एकदा तबेल्यातल्या भय्याने येऊन विचारलं, "साब, भैंस खरीदनी है क्या?" भाऊजींनी त्यालाही शू केलं.

कॉलऱ्याची इंजेक्शनं दोघांनी किती वेळा घेतली असतील! घ्यायची, निघणं लांबायचं, मुदत उलटायची, की परत दंड सुजवून घ्यायचे. एकदा बूट पायात रुळले नव्हते. एकदा तिकडे पावसाळा होता. एकदा मनासारखी टॉर्च मिळेना. शालूताई हळूच म्हणायच्या, "अहो, उरलेली तयारी तिकडे जाऊन करू ना." त्यावर भाऊजी मान हलवायचे. माणूस वाईट नव्हता हो. बायकोला घेऊन परमुलखात जायचं, तर तिच्या केसालाही धक्का लागता कामा नये, ही त्यांची काळजी. पण त्या काळजीनेच घात केला असं मला वाटतं, आणि आजही जीव हळहळतो.

पुढे शालूताईंना दम लागायला लागला. जिना चढताना मध्येच थांबायच्या. मग हृदयाचं दुखणं निघालं, आणि त्या हॉस्पिटलात गेल्या त्या गेल्याच. मी पेज घेऊन गेले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मला बघून डोळे हसले. मग त्यांनी भाऊजींकडे बघितलं आणि हात वर केला. सुई टोचलेला. पंजा मनगटातून वाकवला.

भाऊजींनी तो हात दोन्ही हातांत धरला. "हो, हो, जाऊ. तू बरी झालीस की लगेच. झाली तयारी सगळी."

तयारी झाली, हे त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आठवड्याभरात शालूताई गेल्या.

त्यानंतर गॅलरीत जीप लागली नाही. दोरीवर मातकट कपडेही दिसेनात. भाऊजी खाली मान घालून कामावर जायचे आणि यायचे. मजला असा शांत झाला की कुणाच्या कुकरची शिट्टीसुद्धा दचकवायची.

काही महिन्यांनी मी बहिणीकडे गोरेगावला निघाले होते. बस आरेतून जात होती. तबेल्यांच्या वळणावर खिडकीतून माणसाचा मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज आला. ओळखीचा वाटला म्हणून वाकून बघितलं, तर सामंत भाऊजी! पुढच्या स्टॉपला उतरून मी मागे चालत आले.

झुडपाआडच्या त्यांच्या नेहमीच्या जागी बसले होते. अंगात पांढराशुभ्र शर्ट. दुर्बीण नव्हती. शेजारी रुमाल अंथरलेला, त्यावर कुणी नाही, आणि त्या रुमालाकडे बघून हे खड्या आवाजात सांगत होते, "...जोशीकाकूंनी रंगीत टीव्ही घेतला. पापलेट महाग झालंय, तू असतीस तर त्या कोळणीशी भांडली असतीस. तुझ्या भावाचा फोन होता, मला एकट्याला ये म्हणतो. एकटा जाऊन काय करू मी? मला कुठे येतंय जिराफाशी बोलायला?"

जवळच्या म्हशी माना वर करून बघत होत्या. बगळे केव्हाच उडून गेले होते.

मला बघून ते थांबले. लाजले नाहीत. रुमाल उचलून त्याची घडी केली आणि मला जागा करून दिली. मग म्हणाले, "फार गप्प बसवलं हो मी तिला. जायच्या आधी चार शब्द तरी बोलली असती, तर डॉक्टर म्हणाले बोलू नका. मी कायम तेच सांगितलं आणि शेवटी डॉक्टरांनीही तेच."

इतक्या वर्षांच्या सवयीने मी अगदी कुजबुजत म्हटलं, "भाऊजी, घरी चला."

"हळू कशाला बोलता, वहिनी?" ते म्हणाले. "मोठ्याने बोला. काहीही बोला. जनावर ऐकतं तर ऐकू दे."

मग मी पदराने डोळे पुसले आणि आमच्या मजल्यावरच्या नळाला पाणी किती वाजता येतं, तिथपासून मोठ्याने सुरुवात केली.