हरायला गेलेला मीटरवाला

"पटकन हरून ये," बायकोनं दारातच बजावलं. "आज घर बदलायचंय. कपाट मी एकटी उचलणार नाहीये."

"हा गेलो, हा आलो. समोर दाताचे डॉक्टर आहेत. रेटिंग माझ्या दुप्पट. मी कसला टिकतोय!"

तो घरोघरी फिरून मीटर वाचायचा. बुद्धिबळाच्या स्पर्धेत त्याचं नाव साहेबांनी परस्पर घातलं होतं. गेलाच नसता तर साहेब चिडले असते. म्हणून रीतसर जाऊन हरणं भाग होतं.

पण डॉक्टर काही घाई करेनात. एकेक चाल दाढ उपटल्यासारखी, हळूहळू. शेवटी यानं वैतागून घोडा उचलला आणि सरळ त्यांच्या प्याद्याच्या तोंडी दिला. घ्या एकदाचा!

डॉक्टरांनी घेतला नाही. घोड्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, चष्मा पुसला. इकडे याला डोळ्यांसमोर कपाट दिसायला लागलं. सामानाची गाडी आली असेल, बायको रस्त्यात उभी असेल... जाऊ दे, डाव सोडू, म्हणून त्यानं हात पुढे केला.

नेमका तेव्हाच डॉक्टरांनीही केला.

"अभिनंदन!" दोघं एकदम म्हणाले.

"माझं कसलं? तुमचं," तो म्हणाला.

"तुमचंच हो. त्या घोड्यानं वाट लावली माझी."

"टोमणे नका मारू, डॉक्टर. हरलोय मी."

"अहो, मी हरलोय!"

"मी आधी हरलो!"

पंच धावत आले. "डाव कुणी सोडला?"

"मी!" दोघं ओरडले.

पंचांनी डोकं खाजवलं. "मग बरोबरी धरू. बरोबरी झाली की लगेच दुसरा डाव. बसा."

त्यानं घड्याळ बघितलं. "आणि... मी जिंकलो असेन तर?"

"तर पुढची फेरी उद्या."

"मग मीच जिंकलो. लिहा!"

"कसे ते दाखवा."

त्यानं पटाकडे बघितलं. पटानं त्याच्याकडे. शेवटी डॉक्टरांनीच सोंगट्या सरकवून दाखवल्या. घोडा घेतला तर इकडून मात, नाही घेतला तर तिकडून. तो नुसता मान डोलवत राहिला.

घरी पोचला तर कपाट जिन्यात अडकलेलं आणि बायको कपाटाच्या पलीकडे.

"हरलास?"

"जिंकलो."

"कसा?"

"डॉक्टरांनी समजावलं. पण नाही कळलं."

"म्हणजे उद्या परत?"

त्यानं कपाटाला खांदा लावला.

"उद्या मी येते सोबत," पलीकडून आवाज आला. "कसा हरत नाहीस तेच बघते."