सून धरणात गेली

ट्रायथलॉन या शब्दाला मी घाबरले नाही, हे आधीच सांगून ठेवते. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी पळायचं, एवढंच त्यात असतं. आमच्या शाळेतल्या स्नेहलबाईंनी मोबाईलवर जाहिरात दाखवली तेव्हा मी म्हटलं, "यात नवीन काय? डबे, साक्षीच्या वेण्या, नवऱ्याची शिफ्ट आणि शाळेची घंटा यांच्यामध्ये मी रोज पळतेच. शाळेत येते ती सायकलवर. आणि पोहायला मी लहानपणीच मामाच्या विहिरीत शिकलेय."

"विहिरीत आणि धरणात फरक असतो, उज्वला," स्नेहलबाई म्हणाल्या.

"बुडायला असेल. पोहायला काय फरक पडतो?" असं म्हणून मी नाव नोंदवून टाकलं.

सावित्री नदीत मगरी आहेत हे महाडात रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून संयोजकांनी बिरवाडीच्या आतल्या बाजूचं एक लहान धरण निवडलं होतं. धरणात पोहायचं, तिथून सायकलने हायवेला लागून पोलादपूरच्या अलीकडपर्यंत जाऊन परत यायचं आणि मग धरणाभोवतीच्या कच्च्या रस्त्याने पळत बांधाखालच्या कमानीतून आत शिरायचं. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक. मी लेकीला, साक्षीला, वचनच दिलं होतं. "तू कमानीखाली थांब. तुझ्या डोळ्यांसमोर आत येणार मी."

रविवारी सकाळी आम्ही तिघं धरणावर पोहोचलो. नवरा, धम्मपाल, कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट आला होता. "मी आहे इथे, तू बिनधास्त जा," असं म्हणाला आणि आंब्याच्या बुंध्याला टेकल्या टेकल्या झोपी गेला. त्याचा मोबाईल साक्षीकडे राहिला.

शिट्टी वाजली, आम्ही पाण्यात उतरलो, आणि विहिरीत न कळलेली एक गोष्ट मला कळली. विहिरीत माणूस गोल पोहायला शिकतो. मी सरळ म्हणून जायची आणि थोड्या वेळाने मान वर करून बघायची, तर निघाले तोच किनारा समोर. होडीतला स्वयंसेवक दोनदा म्हणाला, "मॅडम, तिकडे," आणि पुढच्यांच्या मागे निघून गेला. बाकीचे पाण्यातून निघून सायकलींवर बसलेसुद्धा. ओंकार नावाचा संयोजक, सगळे बाहेर आले असं समजून, चहाला निघून गेला.

नेमका तेव्हा माझ्या सासूबाईंचा फोन आला. येसूबाई गावी, पोलादपूरपलीकडच्या कापड्याला असतात आणि दर रविवारी नातीशी बोलतात. पुढचा संवाद साक्षीने मला नंतर जसाच्या तसा सांगितला.

"आई खंय हाय गो तुझी?"

"पाण्यात गेली, आजी. धरणात."

"धरणात?"

"हो. सगळे बाहेर आले. तीच एकटी राहिली."

"नि बापूस?"

"बाबा झोपलेत."

इथे मोबाईलची बॅटरी संपली. साक्षीने सकाळपासून बगळ्यांचे व्हिडिओ काढले होते.

थोड्या वेळाने मी पाण्यातून बाहेर आले, साक्षीला हात केला आणि सायकल घेऊन निघाले. कापड्याला काय चाललंय याची मला काय कल्पना! सासूबाईंनी अंगणातूनच चुलत सासऱ्यांना, गणूकाकांना, हाक मारली. गणूकाकांकडे टेम्पो आहे. भाताचा पेंढा उतरवायला तयार होता, तो तसाच ठेवून माणसं वर बसली. कोणी दोरखंड घेतला, कोणी मासे धरायचं जाळं. वाटेत फोन सुरूच. टेम्पो पोलादपूरला आला तोपर्यंत धरणाची नदी झाली होती, आणि पोलादपुरात कोणीतरी त्या नदीत मगरही सोडली. आमच्या वाडीतले दोघं बिरवाडीला खोली घेऊन राहतात. त्यांनाही बातमी गेली आणि ते धरणाकडे धावत सुटले.

इकडे मी वळायच्या ठिकाणी पोहोचले तेव्हा तिथली मंडळी टेबल आवरून गेली होती. पाण्याची एक बाटली तेवढी दगडावर ठेवलेली. मी पाणी पीत होते, तर समोरून गणूकाकांचा टेम्पो येताना दिसला. पुढच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम', लांबूनही ओळखू येतो. मला बरं वाटलं. आपली माणसं टाळ्या वाजवायला आली म्हणून मी हात केला.

टेम्पो थांबला. गणूकाकांनी डोकं बाहेर काढलं. माझ्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात घट्ट काळे कपडे आणि दंडावर नंबर. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "ओ ताई, बिरवाडीचा धरान कुठून जवळ पडंल? आमची सून बुडाली हाय."

त्यांना सुना तीन. "कुठली?" मी विचारलं. कानात पाणी गेल्याने माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"उज्वला. मास्तरीण हाय." गणूकाका थांबले. "होती."

त्यांच्या शेजारी सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "अशी सून मिळणार नाय रे," त्या म्हणत होत्या. "माझ्या गुडघ्यांना तेल चोळायची. कधी उलट बोलली नाय."

गेल्याच महिन्यात सुकटीच्या कालवणावरून आमचं चांगलंच जुंपलं होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंच्या तोंडून माझ्याबद्दल असं काही मी ऐकलं नव्हतं. तेव्हाच ओळख द्यायला हवी होती, हे मला मान्य आहे. पण मला आणखी थोडं ऐकायचं होतं.

"स्वयंपाक कसा करायच्या?" मी हळूच विचारलं.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि जरा विचार केला. "मनानं चांगली होती," त्या म्हणाल्या.

मी हेल्मेट आणि चष्मा काढला. "आई, मी आहे."

सासूबाई खाली उतरल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, मग दंड दाबून पाहिला, आणि मला घट्ट जवळ धरलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग त्या एक पाऊल मागे सरल्या आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्या काय घातलंस गो? रस्त्यानं अशी फिरतेस?"

गणूकाकांनी सायकल उचलायला हात घातला. "चल, बस वर. सोडतो."

"नाही काका. साक्षी वाट बघतेय. टेम्पोतून गेले तर पूर्ण केली असं होत नाही."

ते सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई पुन्हा टेम्पोत चढल्या. "जाऊ दे तिला. आपण मागनं जाऊ. एवढी जित्ती सापडली हाय, आता सोडायची नाय."

तर परतीचा सगळा रस्ता माझ्यामागे टेम्पो होता. मी सापडले असा फोन करायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. काचेतून सूचना येत होत्या. "खड्डा हाय, उज्वला." "उतार हाय, बिरेक धर." एका चढावर जाळं घेऊन आलेले शेजारचे पाटील खाली उतरून ढकलायला आले, त्यांना मी हात जोडून परत पाठवलं.

धरणावर सायकल ठेवली तर तिथे चिटपाखरू नाही. पळायचा रस्ता दाखवायलाही कोणी नव्हतं. मी अंदाजाने पळत सुटले. बांधाच्या वळणावर आले तेव्हा कळलं, बिरवाडीच्या त्या दोघांची बातमी ऐकून सगळी स्पर्धा पाण्याच्या काठावर उभी होती. दोन होड्या गळ टाकून मला शोधत होत्या. ओंकार डोक्याला हात लावून बसला होता, कारण मला बाहेर येताना त्याने पाहिलं नव्हतं. आणि कमरेएवढ्या पाण्यात, रात्रपाळीच्या कपड्यांत, बुटांसकट, धम्मपाल उभा होता. त्याला पोहता येत नाही. दोघांनी त्याला मागून धरून ठेवलं होतं आणि तो माझ्या नावाने हाका मारत होता.

लग्नाआधीसुद्धा त्याने मला अशी हाक मारली नव्हती.

"अहो, मी इकडे आहे," मी बांधावरून म्हटलं.

तो वळला. मग म्हणाला, "झालं का पळून?"

"थोडं राहिलंय."

"मग ये जाऊन," तो म्हणाला आणि त्याने तोंड धुतलं. ते पाणी धरणाचंच होतं असं तो अजूनही सांगतो. तेवढ्यात टेम्पोतून उतरून सासूबाई काठावर पोहोचल्या. "बायको पाण्यात नि तू घोरतोस?" एवढं माझ्या कानावर आलं. पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

कमानीखाली साक्षी एकटीच वडापाव खात बसली होती. मी आत शिरले तशी तिने टाळ्या वाजवल्या, टेबलावरच्या खोक्यातून एक पदक काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं.

"तू कोणाला सांगितलं नाहीस, आई सायकलवर गेलीय म्हणून?" मी धापा टाकत विचारलं.

"सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, बाळा, तू जरा गप्प बस."

बातमी महाडातही पोहोचली होती. आमच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या ग्रुपवर मला श्रद्धांजली वाहिली आणि सोमवारी शाळा बंद राहील असं कळवलं. स्नेहलबाईंनी खरं सांगितल्यावर त्यांनी तो मजकूर काढला, पण पालकांच्या ग्रुपवरचा काढायचा राहिला.

सोमवारी मी लंगडत शाळेत गेले. फाटकापाशी माझ्या पाचवीच्या वर्गातला विनीत झेंडूचा हार घेऊन उभा होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, हा तुमच्या फोटोसाठी होता," तो म्हणाला.

"असू दे रे, बाळा. मला काही झालेलं नाही."

त्याने हाराकडे पाहिलं, बंद वर्गांकडे पाहिलं. "म्हणजे आज शाळा आहे?"

"आहे," मी म्हणाले.

तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.