तापट ताऱ्याचं वजन

प्राचार्य केबिनमध्ये बोलावून ओरडायला लागले की आमचे तायडे सर खिशातून डायरी काढतात आणि वेळ टिपतात. मग जिन्यात मला सांगतात, "डाग समोर आलाय. आठवडाभरात मागं जाईल." प्राचार्यांना वाटतं, सर आपल्या सूचना लिहून घेतात.

तायडे सर मेहकरच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. त्याआधी ते एका मोठ्या संशोधन संस्थेत दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचं वजन करत. मी मराठीचा माणूस, मला त्यांनी समजावलं ते असं: ग्रह दिसत नाही, पण तो ताऱ्याला जरासा ओढतो. तारा किती डुलला त्यावरून ग्रहाचं वजन कळतं. मात्र काही तारे तापट असतात. त्यांच्या अंगावर चुंबकीय डाग उठतात, ताऱ्याबरोबर तेही फिरतात, आणि तारा डुलल्याचा नुसताच भास होतो. "म्हणून आधी ताऱ्याचा मिजाज वजा करायचा. उरेल तो ग्रह."

सरांना एक ग्रह सापडलाही होता. पुढे त्याची फेरी आणि ताऱ्याची स्वतःभोवतीची फेरी तंतोतंत जुळली, तेव्हा यांनीच मार्गदर्शकांना जाऊन सांगितलं, हा ग्रह नाही, डाग आहे. मार्गदर्शक म्हणाले, राहू द्या. यांनी राहू दिलं नाही. पीएच.डी. तिथंच आटोपली आणि खरेपणाचं बक्षीस म्हणून आमचं कॉलेज मिळालं, जिथं दुर्बीण कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली हरवलेली आहे.

मग सर माणसांचे मिजाज मोजायला लागले. डायरीत शिपाई होता, मी होतो. "तुमची फेरी सात दिवसांची," ते मला म्हणाले. "दर सोमवारी चिडता."

"सोमवारी मला सलग चार तास असतात," मी म्हणालो.

"कारणं प्रत्येकाकडं असतात हो," म्हणत त्यांनी मला वजा केलं.

डायरीतला सगळ्यांत तापट तारा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ सुपडा. तो धामणगाव बढ्याला घरची शेती करायचा. दर पंधरवड्याला संध्याकाळी त्याचा फोन यायचा. सर फोन टेबलावर ठेवून डायरी उघडत, त्यामुळं स्टाफरूममध्ये आम्ही सगळेच ऐकायचो. "तुह्या ताऱ्याले लाव आग, दादा. हे बीटी बियाणं घेतलं तं अळी येनार नाई म्हने. बोंडं फोडून पाह्य, अळीच निंघून राह्यली. माहं डोकं गरगरून राह्यलं, अन् तू काऊन बोलत नाई बे?" आम्ही हसायचो. मीही हसायचो. सर शांतपणे तारीख टाकायचे.

गुलाबी बोंडअळीनं कहर केला त्या वर्षी फोन आठवड्यावर आले, मग पाच दिवसांवर. सरांच्या कपाळाला आठी पडली. "वय वाढतं तसा तारा सावकाश फिरतो. हा वेग वाढवून राहिलाय. शास्त्रात बसत नाही." एवढं बोलून त्यांनी डायरी मिटली. दूरच्या ताऱ्यासाठी स्वतःची पदवी घालवणारा माणूस भावाच्या बाबतीत मात्र इथंच थांबला. याचा मला अजून राग आहे, आणि स्वतःचाही आहे.

मग भावजयीचा फोन आला. फवारणीचा पंप पाठीवर असतानाच सुपडा पराटीत, उभ्या कपाशीत, कोसळला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात त्यानं बरेच दिवस काढले. तिथं भावजय सरांना म्हणाली, "फवारनी केली का डोयाले अंधारी ये त्याहिले, घाम फुटे, तोंडाले पानी सुटे. मंग म्हनत, दादाले फोन लाव, तो शिकेल हाय, काई सांगीन." सरांनी तिला फवारणीच्या तारखा विचारल्या. एकूण एक डायरीत होत्या.

सुपडा वाचला. आता सर दर रविवारी एसटीनं धामणगावला जातात. एकदा मीही गेलो. अंगणात बाजेवर सुपडा बसला होता, हातातली कपबशी सारखी वाजत होती. सर त्याला मुद्दाम डिवचत होते. "यंदाही पराटीच लावतं का बे? डोकं हाय का तुले?" मग पुन्हा, "मी काहीच केलं नाई तुह्यासाठी. बोल ना."

"नाई दादा," सुपडा म्हणाला, "तुम्ही म्हनसान तसं करू." आणि त्यानं सरांच्या पाठीमागं उशी सरकवली.

परतताना बुलढाण्याला गाडी बदलायची होती. फलाटावरच्या बाकावर सरांनी डायरी काढली, तारीख टाकली. पुढं काय लिहावं ते त्यांना सुचेना. पेनाचं टोपण लावत म्हणाले, "एक शिवी तरी द्यायची होती हो त्यानं. मी रविवारी तेवढ्यासाठीच जातो."