बोटे सांभाळून मांजर

हात हे माणसाचे सर्वांत मौल्यवान अवजार असून ते शाबूत राखण्याचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे त्यांचा वापर टाळणे. या तत्त्वावर सेफ्टीसाहेबांनी कारखान्याच्या सुरक्षा विभागात उभी हयात काढली आणि सगळी बोटे जागच्या जागी घेऊन ते निवृत्त झाले. (पेनाने बोट तुटल्याची नोंद त्या विभागात नाही.)

अशा माणसाकडे नातीने लाकडाची मांजर मागितली. लेक-जावई रविवारी दुसऱ्या गावी कायमचे राहायला निघाले होते आणि खरी मांजर सोबत न्यायला जावयाची सक्त मनाई होती.

"आजोबा, तुम्ही कराल ना?"

"करेन की!" साहेब म्हणाले. हे उत्तर देताना त्यांनी कोणतीही खबरदारी घेतली नाही.

मग आठवडाभर खबरदारीच घेतली. जाड हातमोजे आले, अंगठ्याला चामड्याची टोपी आली, चष्मा, एप्रन आणि प्रथमोपचाराची पेटी आली. घरच्यांना सूचना वाचून दाखवण्यात आल्या: सुरी अंगापासून दूर चालवावी, कोरणाऱ्याशी बोलू नये, चहा मात्र आणावा. शेवटी अपघाताचे मूळच उपटावे म्हणून साहेबांनी नव्या सुरीची धार दगडावर घासून घालवली. बोथट सुरी जास्त घसरते, असे ते दरवर्षी बजावत असत. पण ते कामगारांना.

"अहो, लाकूड कोरायला बसताय की चंद्रावर निघालात?" बायकोने दारातून विचारले. तिच्या उघड्या अंगठ्यावर गाजर भराभर चिरले जात होते.

शनिवारी दुपारपर्यंत काम निर्विघ्न चालले. अपघात शून्य, मांजरही शून्य. मोज्यांतून लाकूड कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो, हेच साहेबांना कळेना.

"बटाटा छान झालाय," बायको म्हणाली.

"मांजर आहे ती."

"असेल. झोपली असेल."

साहेबांना स्वतःचेच हसू फुटले आणि मग रविवार आठवला. उद्या पोर जाणार, आणि तिच्या हातात बटाटा ठेवायचा? त्यांनी मोजे काढून फेकले. लाकूड तळव्याला खरखरीत लागले. हळूहळू पाठ उमटली, शेपूट निघाली, एक कान उभा राहिला. दुसऱ्या कानाशी सुरी सटकली आणि थेट अंगठ्यात शिरली.

बायको धावली. प्रथमोपचाराची पेटी कुलूपबंद होती (लहान मुलांच्या सुरक्षेसाठी). किल्ली सुरक्षित जागी होती. ती जागा कोणती, हे साहेबांना आठवेना.

"राहू द्या ती पेटी. हात वर धरा," म्हणत तिने जुन्या चादरीची पट्टी फाडून अंगठा घट्ट बांधला. उरलेला कान राहिला तो राहिलाच.

रविवारी नातीने आधी पट्टी पाहिली, मग एका कानाची मांजर.

"आजोबा, हिनं ओरबाडलं?"

"हो ना. दुसरा कान करूच देईना."

नातीने मांजरीला एक हलकी चापट मारली, "असं करतात का?" म्हणून दटावले आणि लगेच तिला फ्रॉकमध्ये गुंडाळून छातीशी धरले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत साहेब हात हलवत राहिले. दुसरा हात धडधाकट असताना, पट्टीचाच.

वाचकहो, हसून झाले असेल तर कृपया आपली बोटे तपासावीत. एकही ओरखडा नसल्यास हार्दिक अभिनंदन. आणि तुमच्याकडे कुणी लाकडाची मांजर मागितलीच, तर काळजी नसावी. बाजारात तयार मिळतात, दोन्ही कानांच्या.