बॅग जाऊन आली

परदेशी जाऊन आल्याचा पुरावा जपून ठेवणं हे प्रत्येक सुजाण नागरिकाचं कर्तव्य आहे. पासपोर्टावर शिक्का असतो हे खरं. पण पासपोर्ट कपाटात कुलूपबंद असतो, आणि पाहुण्यांपुढे चहाबरोबर पासपोर्ट ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही. फोटो दाखवायला घेतले तर पाहुण्यांना घरची कामं आठवतात. उरतो तो बॅगेच्या कडीला चिकटवलेला विमान कंपनीचा कागदी टॅग. तो काही बोलत नाही, नुसता लोंबत राहतो, आणि पाहुणा आपणहून विचारतो. नाशिकमधल्या शंभरांपैकी नव्वद बॅगांना जुना टॅग तसाच असतो, असा एक अंदाज आहे. (उरलेल्या दहा बॅगा पाहणीच्या वेळी शेजाऱ्यांकडे उसन्या गेल्या होत्या.)

वाल्मीकराव कातकाडे यांनी हे कर्तव्य मनापासून पार पाडलं. ते मूळचे सायखेड्याचे. दिंडोरी रोडवर त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. एका वर्षी नळ्या भरपूर खपवल्याबद्दल कंपनीनं त्यांना इतर दुकानदारांबरोबर बँकॉकला नेऊन आणलं. बँकॉकबद्दल घरी ते "स्वच्छता फार" एवढंच सांगत, आणि त्यांच्या पत्नी उज्वलाताई त्यापुढे काही विचारत नसत. त्या सहलीसाठी घेतलेली मोठी लाल बॅग मात्र हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी राहिली, ती कायमचीच. कपाटावर जागा नाही, असं कारण वाल्मीकराव देत. कपाटावर जागा होती.

बॅग मोठी आणि मजबूत, त्यामुळे सोसायटीतले लोक ती मागून नेऊ लागले. वाल्मीकराव कुणाला नाही म्हणत नसत. अट एकच : माझा टॅग काढायचा नाही, आणि तुमचाही काढायचा नाही. खालच्या डॉक्टरांची मुलगी ती घेऊन शिकायला लंडनला गेली, सुट्टीत आल्यावर तिनं बॅग पुसून परत केली. मग वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं ती सिंगापूरला घेऊन गेलं. अशा रीतीनं दुकानाचं शटर एक दिवसही खाली न ओढता वाल्मीकरावांच्या नावावर आणखी दोन देश जमा झाले.

ते खोटं कधीच बोलले नाहीत, हे इथे नमूद केलं पाहिजे. कुणी "लंडन कसं आहे हो?" असं विचारलं की ते टॅगकडे पाहत "थंडी फार" म्हणत. ते खरंच आहे. हळूहळू सोसायटीत त्यांचा शब्द वजनदार झाला. लिफ्ट बंद पडली तरी लोक त्यांना विचारत, बाहेरच्या देशात अशा वेळी काय करतात. वाल्मीकराव विचार करून सांगत, "जिन्यानं जातात."

त्यांच्या तेजलला नामपूरच्या खंडेराव भामऱ्यांच्या अश्विनचं स्थळ सांगून आलं. मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. खंडेराव कांद्याचे व्यापारी. ते सोफ्यावर बसले, पोहे घेतले, आणि त्यांची नजर लाल बॅगेवर गेली. ते बराच वेळ टॅग वाचत होते.

"फिरता बरंच," ते म्हणाले.

"चालायचंच," वाल्मीकराव म्हणाले.

"आमचंबी दुबईला चालू असतं."

पुढे वाल्मीकराव नामपूरला गेले तेव्हा तिथल्या बैठकीत काळी बॅग उभी होती. तिच्या कडीला दुबईचे टॅग एवढे होते की कडी दिसत नव्हती. बरोबरीचं घर मिळालं याचं त्यांना समाधान वाटलं. (मुलामुलीला एकमेकं आवडली होती, शिक्षणही जुळत होतं, या गोष्टीही विचारात घेण्यात आल्या.)

आता बस्ता. नाशिकपासून येवला फार दूर नाही, आणि कुठून कुठून लोक पैठणी घ्यायला येवल्याला येतात. म्हणूनच दोन्ही घरांनी बस्त्यासाठी हैदराबाद ठरवलं. मुलाचा फ्लॅटही बघून होईल, असं सांगण्यात आलं. वाल्मीकराव-उज्वलाताई आणि खंडेराव-सुवर्णाबाई असे चौघं विमानानं गेले. तेजलचा शालू लाल बॅगेत भरला, अश्विनची शेरवानी काळ्या बॅगेत, आणि साखरपुड्याच्या आदल्या दुपारी चौघं ओझरच्या विमानतळावर परत उतरले.

सामानाचा पट्टा फिरू लागला. लोक आपापल्या बॅगा उचलून गेले. शेवटी एक खोका तेवढा फिरत राहिला, मग त्याचाही मालक आला. पट्टा थांबला. लाल बॅग आली नव्हती आणि काळीही आली नव्हती.

उज्वलाताईंनी वाल्मीकरावांकडे पाहिलं. उद्या सकाळी तीनशे माणूस जेवायला येणार होतं, आणि नवरीच्या अंगावर काय घालायचं ते कुठे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

काउंटरवर स्नेहल नावाची मुलगी होती. (विमान कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण चूक तिची नव्हती.) तिनं दोघांच्या पावत्या पाहिल्या, दोन-तीन फोन केले आणि विचारलं, "काका, बॅगांवर जुने टॅग होते का?"

वाल्मीकरावांनी खंडेरावांकडे पाहिलं. खंडेराव थांबलेल्या पट्ट्याकडे पाहत होते.

"असेल एखादा," वाल्मीकराव म्हणाले.

"मशीनला जो टॅग आधी दिसतो तो ते वाचतं. जुना दिसला की बॅग निघाली तिकडे. कुठले होते?"

"बँकॉक. सिंगापूर." त्यांनी आवाज उतरवला. "लंडन."

"बरं. यातला सगळ्यात वरचा कुठला? शेवटी कुठे गेला होतात तुम्ही? तारीख आठवली तर मी आधी तिथे विचारते."

वाल्मीकरावांनी पावतीची मागची बाजू पाहिली. खंडेराव आता त्यांच्याकडेच पाहत होते. ज्या माणसाच्या घरात उद्या पोरगी द्यायची, त्याच्यासमोर काय बोलावं? एखादी तारीख ठोकून द्यावी असं त्यांच्या मनात आलं. पण खोटी तारीख दिली तर शालू गेला, आणि खरं सांगितलं तर कदाचित सोयरीकच गेली.

"अहो, सांगा ना," उज्वलाताई हळूच म्हणाल्या. "तेजलचा शालू आहे आत."

"वरचा सिंगापूरचा," वाल्मीकराव म्हणाले. "बॅग गेली होती."

"आणि तुम्ही?"

"मी दुकानात होतो."

"लंडनला?"

"तेव्हाही दुकानातच."

स्नेहलनं मान हलवली. तिला याचं फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती खंडेरावांकडे वळली. "आणि तुमचे दुबईचे, काका? तुम्ही नेहमी जाता का?"

खंडेराव नाशिकला आले की शहरी बोलत, तशी त्यांची तयारी होती. पण ती या प्रश्नाला पुरली नाही. ते वाल्मीकरावांकडे वळून सरळ अहिराणीत म्हणाले, "व्याही, कांदा जास दुबईले. मी नही गऊ."



"तो माल पाठवणारा एजंट आहे, त्याचे टॅग," खंडेराव पुढे म्हणाले. "तो फेकून देत होता. म्हटलं, कशाला फेकायचे."

"डिंकानं चिकटवले," सुवर्णाबाईंनी उज्वलाताईंना माहिती दिली. "तुमचे?"

"आमचे मूळचेच," उज्वलाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

वाल्मीकरावांना एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी माणूस इतका जवळचा वाटला नव्हता. दोघे व्याही बाहेरच्या टपरीवर गेले आणि चहा घेता घेता बँकॉकमध्ये खरं काय झालं ते वाल्मीकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं : पोट बिघडलं होतं, आणि सगळे दिवस हॉटेलच्या खोलीत गेले होते. खंडेरावांनी दुसरा चहा सांगितला.

संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. लाल बॅग सिंगापूरला पोचली होती, काळी दुबईला. खंडेराव म्हणाले, "चला, आपल्या घरातलं कुणीतरी गेलं."

साखरपुडा ठरल्या वेळी झाला. तेजल आईच्या लग्नातली पैठणी नेसली. ती येवल्याची होती आणि तिला शोभली. अश्विनला वाल्मीकरावांचा निळा कोट चढवला. तो नळ्यांच्या कंपनीनं सहलीच्या वेळी वाटलेला, खिशावर नळी आणि तिच्यातून पडणारा थेंब भरतकामात काढलेला. तेजलनं कोट नीट केला आणि त्याच्या कानात विचारलं, "गळत नाही ना?" त्यावर अश्विन इतका हसला की फोटोग्राफरला थांबावं लागलं.

पाहुण्यांमध्ये कुजबुज झालीच. एक आत्याबाई पुढे येऊन म्हणाल्या, "शालू दिसत नाही गं कुठे?"

उज्वलाताई खरं तेच बोलल्या. "सिंगापूरला आहे."

"आणि मुलाचे कपडे?"

"दुबईला."

आत्याबाई मागे सरकल्या आणि पुढचं सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत मांडवभर झालं होतं की, कपडे तिकडून शिवून येत आहेत आणि लग्न बहुधा बाहेरच आहे. कुणीही कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. वाल्मीकराव आणि खंडेराव शेजारी शेजारी बसून जिलेबी खात होते, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होते. ती मान नक्की कोणत्या दिशेला हलली, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

बॅगा पुढच्या आठवड्यात घरपोच आल्या. शालू जसाच्या तसा होता. लाल बॅगेवर सिंगापूर ते नाशिक असा नवाकोरा टॅग होता, त्यावर 'कातकाडे वाल्मीक' असं छापलेलं. उज्वलाताईंनी जुने टॅग एकेक करून कापले आणि नव्याला कात्री लावणार, तेवढ्यात वाल्मीकरावांनी हात धरला.

"हा राहू दे," ते म्हणाले. "हा नावावर आहे."

वाचकांनी यातून बोध घ्यावा, आणि तो बहुतेकांनी घेतलेलाही दिसतो. काही जण मघाशीच उठून माळ्याखाली स्टूल लावून आले. टॅग कापणं अगदी सोपं आहे, मिनिटाचंही काम नाही. फक्त या रविवारी पाहुणे येणार आहेत ना, ते जाऊ द्या. मग कापू.