लाल टिकल्यांचा बाक

उभी हयात जमिनी मोजण्यात घालवलेल्या आणि वीतभरही न चुकलेल्या माणसाला शेजारपाजारची सुखदुःखं मोजायला कितीसा वेळ लागणार, असं मोजणीकाकांनी सुनेला ऐकवलं आणि वस्तीचा भलामोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. त्या दिवसापासून घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

काम वॉर्ड ऑफिसचं होतं. घरोघर जायचं, जिथे बरं वाटतं तिथे हिरवी टिकली आणि जिथे मन जड होतं तिथे लाल टिकली नकाशावर लावून घ्यायची. वस्तीत भाषा सतरा. तिसऱ्या मजल्यावरच्या परदेशी बाईंना काकांनी आधी हसून आणि मग रडून दाखवलं, तेव्हा त्यांनी घाबरून पाणी आणून दिलं. उमगल्यावर मात्र त्यांनी नकाशावर पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर सात लाल टिकल्या चिकटवल्या.

नर्सबाईंनी तिथेच लावल्या. शिंप्यानेही. आठवड्याभरात नकाशावरच्या त्या बाकाला गोवर आल्यासारखं दिसू लागलं! रोग सापडला म्हणून काकांचा आनंद गगनात मावेना. सदर बाक हा वस्तीच्या दुःखाचं मूळ असून त्याचा तातडीने बंदोबस्त व्हावा, असं त्यांनी अहवालात ठणकावून लिहिलं.

ज्या ऑफिसला तुंबलेलं गटार चार वर्षं दिसलं नव्हतं, त्याने तिसऱ्या दिवशी बाक उपटून नेला.

संध्याकाळी नर्सबाई दारात उभ्या. बाक कुठे गेला, एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी आपला पराक्रम रंगवून सांगितला.

"काका, तिथे बसून मला वाईट वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं की मी तिथे जाऊन बसायचे. एखादा पेशंट गेला की रडं घरी न्यायचं नाही, म्हणून."

शिंपीही बायको गेल्यापासून रोज तिथेच बसायचा, असं कळलं. परदेशी बाईंचं कारण विचारण्याइतकी भाषा काकांकडे नव्हती.

काका तडक ऑफिसात गेले. बाक परत हवा तर नव्या पाहणीत तशी मागणी दिसायला हवी, असं कारकुनाने मान वर न करता सांगितलं. काका पुन्हा टिकल्या घेऊन दारोदार फिरले. पण आता लावायच्या कुठे, असं लोक विचारू लागले. लाल टिकली एकही पडली नाही.

महिन्याभराने ऑफिसचं पत्र आलं: वस्तीतील दुःखाचं संपूर्ण निवारण केल्याबद्दल अभिनंदन. सुनेने ते वाचलं, घडी घालून त्यांच्या हातात दिलं आणि ताट मांडीवर घेऊन जेवायला बसली. काकांना तेच जास्त लागलं.

ते खाली उतरले. टाकीच्या भिंतीला टेकून नर्सबाई, शिंपी आणि परदेशी बाई अशी तिघं ओळीने उभी होती. माफी मागायला काका पुढे झाले. परदेशी बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बसलेल्या माणसाने जागा करून द्यावी तशा त्या जराशा सरकल्या.

काका त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. पाच मिनिटांतच त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. पण ती तक्रार नेणार कुणाकडे?